मुक्कामरावाची उलटी पाटी

बबन, आधीच सांगते, मी हे रडत लिहीत नाहीये. रडायचं तेवढं रडून झालं. तुझी बायको शोभा रडली, पोरं रडली, तुझ्या शेडमधले ते दांडगे गडी तोंडाला टॉवेल लावून रडले. आता घर जरा शांत झालंय. शोभाला दुपारची झोप लागलीय, मी तुझ्या खुर्चीत बसलेय आणि मला तुझ्याशी भांडायचंय. आपलं एक भांडण अर्धं राहिलंय. बोलणं चालू असताना मध्येच उठून जायची तुझी खोड जुनीच, पण ह्या वेळी फारच लांब गेलास, बाबा.

भांडण कशाचं ते तुला माहीत आहे. पाटीचं. ती उलटी का लावलीस ह्याचं धड उत्तर तू मला कधी दिलं नाहीस. दर भाऊबीजेला मी विचारायची आणि दर भाऊबीजेला तू लाडवाचा तोबरा भरून म्हणायचास, "पुढल्या भाऊबीजेला सरळ करतो, आक्का."

तुझी धाकटी सून घरात नवी आहे, तिला ह्यातलं काही ठाऊक नाही. सकाळी हळूच विचारत होती, "आत्याबाई, पप्पांच्या फोटोपुढं हे खेळणं कशाला मांडलंय?" तिला सांगायचं म्हणून पहिल्यापासून लिहिते. तूही ऐक. चुकलं तर टोकू नकोस, आता तुझं टोकणं चालायचं नाही.

घरोघर रंगीत टीव्ही यायच्या बेताचे दिवस होते ते, नव्वद साल उलटून गेलेलं. तू नागापूरच्या एमआयडीसीत, बसच्या आणि ट्रकच्या बॉड्या बांधायच्या शेडमध्ये होतास. पत्रा ठोकायचास, पुट्टी भरायचास, रंग मारायचास, पाट्या लिहायचास. बसची बॉडी बांधणारा माणूस आणि तुला गाडी लागायची! आख्ख्या नगर जिल्ह्यात असा दुसरा नसेल. खिशात आल्याचा तुकडा, लिंबू, आवळासुपारी, सगळा दवाखाना असायचा, आणि तरी पारनेरच्या पुढं आमच्या फाट्यावर उतरेपर्यंत तुझं तोंड कारल्यासारखं हिरवं झालेलं असायचं. फाट्यापासून आमच्या चिंचदऱ्यापर्यंत तेव्हा गाडीच नव्हती, सगळी चाल. तुला त्याचंच बरं वाटायचं. "आक्का, तुझं गाव लई चांगलं," म्हणायचास, "शेवटचा तुकडा चालत यायला मिळतो. तेवढ्यात पोट जाग्यावर येतं."

त्या वर्षीच्या भाऊबीजेला तू खांद्यावर गोणी टाकून आलास. मला वाटलं, नगरच्या बाजारातनं काहीतरी आणलंय. मी पाट मांडला, रांगोळी घातली, तुला ओवाळलं, आणि ओवाळणी म्हणून तू ताटात काय उभं केलंस? गुडघ्याएवढा, एका हाताचा, निळापिवळा राक्षस! ताट कलंडलं, निरांजन विझता विझता राहिलं, सासूबाई "अगं बाई!" करून भिंतीला टेकल्या.

"साडीच्या जागी हे?" मी म्हटलं.

"साडी फाटती, आक्का."

"हे तर फुटूनच आलंय की रे!"

नगरच्या कुणा डॉक्टरांच्या मोटारीला तू रंग दिला होतास. त्यांच्या गॅरेजात हे धूळ खात पडलेलं. परदेशातून आणलेलं खेळणं, मुलगा मोठा झाला, हात तुटला, मग कोपऱ्यात गेलं. तू मागून घेतलंस. पाय दुमडले, डोकं आत ढकललं, छाती पुढं पाडली की त्याचा ट्रक व्हायचा, आणि परत उलगडलं की माणूस. तू ओट्यावर करून दाखवलंस तेव्हा पोरांच्या आधी बापेच पुढं सरकले. एकजण तर म्हणाला, "बबनराव, आमच्या म्हशीला पण असं काहीतरी करा, घडी घालून ठिवता येईल."

मनी, माझी थोरली, तेव्हा सातवीत. तिनं राक्षसाला उचलून मांडीवर घेतलं, लहान पोराला घेतात तसं, आणि तुला विचारलं, "मामा, ह्याची एसटी करता येईल का?"

"का गं? ट्रक काय वाईट हाय?"

"ट्रकमधी बसून शाळंत जाता येत न्हाई."

सगळ्यांच्या माना दाराकडं वळल्या. त्याचं कारण दारातच बसलेलं होतं, सुपारी कातरत. आबा, म्हणजे माझे सासरे.

आबा वाईट नव्हते, हे तुझ्या सुनेला मुद्दाम सांगायला हवं. मनीवर जीव होता त्यांचा. रानातनं येताना टोपीत बोरं भरून आणायचे आणि टोपीला डाग पडला म्हणून सासूबाईंची बोलणी खायचे. पण जिवाला घोर लागायचा त्यांच्या. गावात शाळा सातवीपर्यंत, पुढची पारनेरला. फाट्यावरून घरी यायचा रस्ता ओढ्याच्या अंगानं, आणि थंडीत तर दिवस बुडून अंधार पडलेला. आबांनी दिवाळीआधीच निकाल देऊन टाकला होता, "सातवी झाली की शाळा बास. अंधाराचं पोरगी चालत यायची न्हाई." आमचे हे आबांपुढं तोंड उघडत नसत. मी उघडायची, पण माझं ऐकतं कोण? दहावी झाल्या झाल्या माझं लग्न लावलं होतं, म्हणून मी अंगणवाडीताईच्या नोकरीपुढं गेले नाही. मनीनं माझ्या पुढं जावं, एवढंच मला हवं होतं. दुसरं काही नको होतं बघ तेव्हा मला, ना साडी, ना रंगीत टीव्ही.

ह्यावर उपाय एकच होता, मुक्कामी गाडी. संध्याकाळी पारनेरहून पोरं घेऊन यायची, रात्री गावातच मुक्काम करायची आणि सकाळी पोरं घेऊन परत जायची. गावानं अर्ज केला, एसटीचे साहेब येऊन बघून गेले. म्हणाले, रस्ता चालेल, डायव्हर-कंडक्टरला झोपायला समाजमंदिर आहे, पण गाडी वळवणार कुठं? एका अंगाला ओढा, दुसऱ्या अंगाला घरं. रस्ता जिथं संपतो तिथं सपाट जागा एकच, आमचं मळणीचं खळं. काखेत कळसा नि गावाला वळसा! आणि खळ्याचं नाव काढलं की आबा उसळायचे. "माणूससुद्धा चपला काढून खळ्यात जातो. तिथं लक्ष्मी उतरती. अन् तुमी तिथं डांबरावरची चाकं फिरवणार व्हय?"

तू हे सगळं ऐकलंस. आबांना काही बोलला नाहीस, बहिणीच्या सासऱ्याला काय बोलणार? फक्त मनीला म्हणालास, "करू की एसटी."

सुटी वाढवलीस आणि आमच्या ओट्याची शेड केलीस. माझ्या हळदीकुंकवाच्या वाट्यांत तू त्याचे स्क्रू काढून ठेवलेस, ते मी अजून विसरले नाहीये. निळा रंग पॉलिशपेपरनं घासून काढलास, तेव्हा आमच्या घरातली माणसंसुद्धा आठवडाभर निळी शिंकत होती. तुटक्या हाताच्या जागी गोडेतेलाच्या डब्याचा पत्रा कापून नवा हात केलास, त्याला जुन्या ट्रंकेच्या कडीतनं कोपर काढलंस. सायकलच्या तारा वाकवून मागं टपावर चढायची शिडी केलीस. त्याच्या चाकांवरचं मूळचं रबर चिरलं होतं, तर आबांनी उकिरड्यावर टाकलेली रबरी चप्पल आणून तिच्या तळव्यातनं गोल गोल टायर कापलेस आणि काळे रंगवलेस. टायरच्या चपला सगळ्या गावानं घातल्या होत्या, चपलेचे टायर आम्ही पहिल्यांदा बघितले.

मग तो अडला. नवा हात जाड झाला होता, दुमडताना बरगडीत रुतायचा. धड गाडी नाही, धड माणूस नाही, असा कुबड काढून ओट्यावर बसून राहिला. येणारा जाणारा विचारायचा, "काय, पाव्हण्याला बरं न्हाई का?" तू कानस घेऊन बसलास. घासायचं, बसवून बघायचं, परत काढायचं. मी म्हटलं, "सोड रे, पोरीला काय कळतंय, हात नसला तरी चालेल." तू माझ्याकडं बघितलंस आणि म्हणालास, "एका हाताचा कंडक्टर तिकीट कसं फाडंल?"

तेव्हा मला कळलं की तू त्याला उभं राहिल्यावर कंडक्टर करतोयस. पाय खाकी, कंबरेला चामड्याची पिशवी. बसला की गाडी, उभा राहिला की कंडक्टर. अंगाला एसटीचा लाल रंग, मध्ये पिवळा पट्टा, तुमच्या शेडमधल्या डब्यांचा उरलासुरला. बेलच्या दोरीला माझ्या तुटक्या पैंजणाचं घुंगरू बांधलंस. मनीनं दोरी ओढली, घुंगरू वाजलं आणि तिनं त्याचं बारसं केलं. मुक्कामराव.

आता पाटी. ती तू सगळ्यात शेवटी केलीस, आणि जीव ओतून केलीस, हे मला मान्य आहे. बारीक कुंचला, पांढरा रंग, श्वास रोखून लिहिलंस, "चिंचदरा मुक्काम". तोपर्यंत आमच्या गावाचं नाव मी कुठल्याच गाडीवर बघितलं नव्हतं, खेळण्यातल्यासुद्धा नाही. मला भरून आलं होतं, खरं सांगते. पण रंग वाळल्यावर तू मुक्कामरावाला उभा केलास, गाडीचं तोंड फिरून त्याच्या छातीवर आलं, आणि पाटी उलटी! अक्षरं डोक्यावर!

"अरे, उभा राहिला की उलटी दिसतीय," मी म्हटलं.

"दिसू दे."

"दिसू दे काय? सरळ कर."

"मग गाडी झाल्यावर उलटी दिसंल."

"दोन पाट्या लाव की मग."

"एका गाडीला दोन पाट्या? माणसं चढतील कुठल्या गावाला?"

"तुझं सगळंच उलटं रे बबन्या. गाडीत बसलास की उलटी, पाटी लावलीस की उलटी!"

मनी हसून हसून लोळली. तू पण हसलास आणि कुंचला रॉकेलमध्ये बुडवता बुडवता म्हणालास, "ज्याला वाचायचीय त्याला बराबर वाचता येती, आक्का." मला वाटलं, उत्तर सुचलं नाही म्हणून काहीतरी ठोकून दिलंस.

आबा हे सगळं लांबून बघत होते, बघत नसल्यासारखं. शेवटी राहवलं नाही. जवळ येऊन मनीला म्हणाले, "काय गं, ह्ये वळतं कुठं?"

मनीनं मुक्कामरावाला भिंतीपर्यंत चालवत नेलं, उभं केलं, जागच्या जागी पाठ फिरवली, परत दुमडून गाडी केली आणि उलट्या दिशेनं घेऊन आली. "ह्याला वळायला जागाच लागत न्हाई, आबा."

आबा एवढे हसले की मला वाटलं, जिंकलो. कसलं काय! दुसऱ्या दिवशी आबा पारावर जाऊन सगळ्या गावाला सांगून आले, "कशाला माझ्या खळ्याच्या मागं लागताय? सुनंच्या भावानं जागच्या जागी वळणारी गाडी केलीय. तीच लावा पारनेरला!" गाव खो-खो हसलं. करायला गेलास गणपती आणि झाला मारुती. मी चुलीपुढं बसून राहिले. तू गोणीची घडी केलीस, म्हणालास, "ऱ्हाऊ दे आक्का. खेळणं हाय. पोरगी खेळंल," आणि फाट्याकडं चालायला लागलास. त्या दिवशी गाडीत बसायच्या आधीच तुझं तोंड पडलं होतं.

पुढचं तू बघितलं नाहीस. किती वेळा सांगितलं तुला, तरी प्रत्येक वेळी पहिल्यांदा ऐकल्यासारखं ऐकायचास. आता परत सांगते.

ज्वारी काढायला आली होती. आबांनी खळं सारवून घेतलं, मधोमध मेढ रोवली, तीच ती बैल जिच्याभोवती फिरतात. सारवण वाळलं होतं. मी दारात गहू निवडत होते आणि आबा मेढीपाशी बसून दावं वळत होते. मनी मुक्कामरावाला घेऊन आली. खळ्याच्या कडेला थांबली, स्वतःच्या चपला काढल्या. मग खाली बसली, आणि मुक्कामरावाचे टायर काढायला लागली. एकेक टायर ओढून काढला आणि आपल्या चपलांशेजारी नीट ओळीनं मांडून ठेवला. मग नुसत्या उघड्या चाकांची गाडी हळूहळू ढकलत खळ्यात आली.

आबांनी दावं वळायचं थांबवलं. "त्ये काय काढलंस गं कडंला?"

"चपला," मनी म्हणाली. तिच्या बोलण्यात आगाऊपणा नव्हता, बबन. तिला खरंच तसं वाटत होतं. "तुमच्या चपलंचेच टायर हायेत ना, आबा. खळ्यात चपला घालून येत न्हाईत."

आबा उठले, कडेला गेले, आणि ते टायर बघत उभे राहिले. वाकून एक उचलला, अंगठ्यानं रंग खरवडून बघितला, आतला जुना निळा रबर दिसला. परत होता तसा ठेवला. मग मनीला विचारलं, "गाडी मुक्कामाला आल्यावर तुझा ह्यो पाव्हणा करतो काय?"

"उभा राहतो. पोरं सगळी घरी पोचली का ते बघतो. मग निजतो."

आबा घरात आले, पाणी प्यायले, आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, "बबनरावला सांगावा धाड. म्हणावं, खऱ्या गाडीला वळायला किती जागा लागती ती मापून सांग." सकाळी बघते तर आबांनी मेढ उपटली होती आणि खळ्याच्या पार पलीकडच्या अंगाला नेऊन रोवत होते. सारवलेलं खळं, बबन, हंगामाच्या तोंडावर! सासूबाई बडबडत होत्या आणि आबा म्हणत होते, "लक्ष्मी काय आंधळी हाय का? सरकंल चार पावलं."

शाळा उघडायच्या सुमाराला गाडी सुरू झाली. नारळ, हार, हलगी, सगळं गाव गोळा. आणि त्या पहिल्या गाडीतनं सगळ्यात आधी कोण उतरलं? तू! शेवटचा चालायचा तुकडा गेला होता ना, त्यामुळे पोट जाग्यावर यायला जागाच उरली नव्हती. डायव्हरनं खळ्याच्या कोपऱ्यात गाडी वळवली, आबा हातवारे करत "येऊ द्या, येऊ द्या, बास!" ओरडत होते. गाडी थांबली तसे ते तांब्या घेऊन पुढं झाले आणि दारी पाहुणा आल्यावर पाय धुवायला पाणी देतात तसं पुढच्या दोन्ही चाकांवर त्यांनी पाणी घातलं. उरलेला तांब्या तुझ्या हातात दिला, कारण तू ओढ्याच्या कडेला वाकून आपला कार्यक्रम उरकत होतास. "चूळ भरा, बबनराव," म्हणाले, "पहिला मान तुमचाच."

हसले मी तेव्हा. सगळं गाव हसलं. पण नंतर माझ्या मनात आलं ते तुला कधी बोलले नाही, ते आज बोलते. तुला तो चालायचा तुकडा हवा होता. तोच तू घालवलास. त्यानंतर वर्षानुवर्षं दर भाऊबीजेला त्याच गाडीनं आलास, दर वेळी हिरवा होऊन उतरलास, आणि एकदाही म्हणाला नाहीस की आक्का, पूर्वीचंच बरं होतं. असा भाऊ मिळायला पुण्य लागतं, बबन. हे तोंडावर बोलायला पाहिजे होतं. पण आपल्यात बोलायचं म्हणजे भांडायचं, दुसरी रीतच नव्हती.

मनी त्या गाडीनं गेली ती दहावी झाली, बारावी झाली, नगरला नर्सिंगला लागली. आबांनी मरेपर्यंत संध्याकाळी खळ्याच्या कडेला बसून गाडीची वाट बघितली, मनी गावात नसली तरी. आणि मुक्कामराव आमच्या फळीवर उभा राहिला. पोरंबाळं आली की खाली यायचा. जो बघेल तो म्हणायचा, "अहो, पाटी उलटी हाय." मी म्हणायची, "माझ्या भावाला सांगा."

तुझ्या शेवटच्या आठवड्यात मनीनं दवाखान्यात तुझ्याच वॉर्डात ड्यूटी मागून घेतली होती. हे तुला माहीत नव्हतं, तिनं सांगू नको म्हटलं होतं. एका दुपारी तू डोळे न उघडता तिला विचारलंस, "मने, गाडी लागली का गं?" पोरीला कळेना, तुला पोटात ढवळतंय म्हणून भांडं आणावं, की तू कुठल्या फलाटावर उभा आहेस. तिनं विचारलं, "कुठली, मामा? पोटातली का स्टँडवरची?" तू ओठांतल्या ओठांत हसलास म्हणे. मग ती तुझा हात धरून म्हणाली, "लागलीय मामा. मुक्कामी हाय. घाई न्हाई." मग तू झोपलास. मनीनं मला हे सांगितलं तेव्हा आम्ही दोघी दवाखान्याच्या जिन्यात बसून रडलो. तेवढं रडणं मात्र अजून संपलेलं नाही, वर खोटं लिहिलं मी.

परवा शोभाचा फोन आला. "आक्का, ह्यांच्या फोटोपुढं फुलं हायेत, उदबत्ती हाय. पण त्यांचं असं काहीतरी ठेवावं वाटतंय." मी म्हटलं, "मुक्कामराव आणू का?" पलीकडं शोभा हसली. तू गेल्यापासून पहिल्यांदा.

काल सकाळी मी त्याला फळीवरून काढला, पुसला आणि मुक्कामी गाडीत बसले. आता ती सरळ नगरपर्यंत येते. कंडक्टर पोरगी होती, बडबडी. "मावशी, पाव्हण्यांचं हाफ का फुल?" मी म्हटलं, "हे स्वतः गाडी आहेत. गाडीला तिकीट असतं का?" सगळी गाडी हसली. खिडकीशी बसले, आणि रस्त्यात धक्के बसतात म्हणून त्याला उभ्याचा तसाच मांडीवर घेतला, माझ्याकडं पाठ, तोंड पुढं. लहान पोराला घेतात तसा. पहिल्या दिवशी मनीनं घेतला होता तसा.

ओढ्याच्या वळणावर गाडी हलली, मी त्याला सावरायला वाकले आणि त्याच्या खांद्यावरून खाली बघितलं. बबन, पाटी सरळ होती. चिंचदरा मुक्काम. एकेक अक्षर सरळ, काना सरळ, वेलांटी सरळ. इतकी वर्षं आम्ही सगळे त्याच्या पुढं उभं राहून वाचत होतो आणि तुला शिव्या घालत होतो. त्यानं मान खाली घालून बघितलं की त्याला त्याची पाटी वाचता येत होती. आपला मुक्काम कुठं आहे ते त्याचं त्याला कळत होतं. आणि जो त्याला मांडीवर घेईल त्याला.

"बरोबर आहे रे तुझं," मी मोठ्यानं बोलले.

कंडक्टर पोरगी वळली. "काय म्हणालात मावशी?"

"काही नाही गं. भावाशी बोलतेय."

हे तू ठरवून केलं होतंस, की केल्यावर तुझ्या लक्षात आलं आणि तू नुसता मिशीत हसत राहिलास? ज्याला वाचायचीय त्याला वाचता येते, म्हणाला होतास. सरळ सांगितलं असतंस तर काय बिघडलं असतं? का तुला वाटलं, आक्कानं एकदा तरी त्याला मांडीवर घ्यावं? मी कधी घेतला नाही रे. मी नुसती पुसत आणि भांडत राहिले. आता विचारायला तू नाहीस आणि भांडण तू जिंकलास, हेही सांगायला तू नाहीस.

मुक्कामरावाला मी तुझ्या फोटोपुढं उभा केलाय. तुझ्याकडं पाठ, दाराकडं तोंड. त्याच्या खांद्यावरून तू बघतोयस, असा. सकाळपासून माणसं येतायत, हार घालतायत, नमस्कार करून वर बघतात आणि एखादा हमखास म्हणतो, "मावशी, ही पाटी उलटी लागलीय बघा."

मी म्हणते, "असू द्या. तुमच्या बाजूनं उलटी आहे."